आदर्श घर आणि पायलीभर चीक

गेल्या उन्हाळ्यात मी नागपूर शहराचं पाणी वाचवलं. शहराला हे कळलं नाही. घरच्यांना मात्र चांगलंच कळलं, आणि त्यांनी ते अजून मनातून काढलेलं नाही.

त्याचं असं झालं की एप्रिलात आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, हनुमान मंदिरात पाणी बचतीची सभा भरली. महापालिकेच्या मोहिमेच्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर गळके नळ दाखवले, भरून वाहणाऱ्या टाक्या दाखवल्या, आणि मग अचानक विचारलं, "तुमच्या घरातला सगळ्यांत तहानलेला सदस्य कोण?" दोनतीन बायकांनी आपापल्या सासऱ्यांची नावं घेतली. मॅडम म्हणाल्या, "कूलर!" सभा चपापली. मे महिन्यातल्या नागपुरात तुम्ही देवाला बोल लावा, नेत्याला बोल लावा, कोणी काही म्हणणार नाही. पण कूलर?

मॅडम शांतपणे पुढे म्हणाल्या, "पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ना, ते बादलीत धरा आणि कूलरला घाला. इतकं तरी करता येईल?" मग त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक ले-आउटमधून एक 'आदर्श घर' निवडायचं आहे. त्या घराच्या फाटकावर पाटी लागेल, घरमालकाला 'जलदूत' असा बिल्ला मिळेल आणि बाकीच्यांना ते घर दाखवायला आणलं जाईल. "कोण तयार आहे?"

सगळे दाराबाहेरच्या आपापल्या चपला बघू लागले. मी हात वर केला. सरकारी कचेरीत सबंध नोकरी झाली, तिथे कधी हात वर केला नाही. निवृत्तीनंतर मात्र माणसाचा हात आपोआप वर जातो आणि तो खाली आणणारं कोणी शेजारी बसलेलं नसतं. (सुमन, म्हणजे आमची सौ., त्या वेळी घरी गहू निवडत होती. ती सभेला असती तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती.)

छातीवर बिल्ला लावून मी घरी आलो. सुमनने वर पाहिलं, बिल्ला वाचला, परत खाली पाहिलं.

"मले एक सांगा," ती म्हणाली, "घरात लग्न कोनाचं हाये? नळाचं का पोरीचं?"

लग्न पोरीचं होतं. आमची प्राची मेअखेर उजवायची होती. लॉन ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या, मुलाकडची मंडळी भली होती. सगळं सुरळीत होतं, आणि सुमनला त्या सगळ्यात एकाच गोष्टीची काळजी होती. रुखवतातल्या कुरडया!

यावर हसू नका. मी हसलो होतो, त्याचं फळ पुढे येतंच आहे. सुमनचं लग्न झालं तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून तिच्या रुखवतात कुरडया बाजारातून विकत आणून ठेवल्या होत्या. माझ्या काकूने त्यातली एक उचलली, कडकन मोडली, आणि भर मांडवात जाहीर केलं, "इकतच्या हायेत!" मुंडावळ्या बांधून बसलेल्या सुमनने ते ऐकलं. तिने त्यावर कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त दर उन्हाळ्यात, कुरडया घालताना, ती ते एकदा सांगते. प्राची पाळण्यात होती तेव्हापासून तिचं ठरलेलं होतं की या पोरीच्या रुखवतात कुरडया ठेवीन तर माझ्या हातच्या. आता गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही, तरी ते ठरलेलंच होतं.

इकडे माझं आदर्श घर सुरू झालं. शॉवरच्या तोंडाला मी प्लॅस्टिकची पिशवी बांधली. नळांना पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या बसवल्या, त्यामुळे दात घासून होईपर्यंत पेला भरेना. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, फिल्टरचं पाणी, सगळं धरायचं असा वटहुकूम काढला आणि त्यासाठी घरातल्या बादल्या, टब, बगोणी, गंज, जे दिसेल ते ताब्यात घेतलं. मागच्या ओसरीत भांड्यांची रांग लागली. प्राची आंघोळीला निघाली की मी बाहेरून ओरडायचो, "एक बादली, प्राची! एकच!"

"बाबा, माझ्या केसांनाच एक बादली लागते!"

"तर मग केस उद्या धू!"

"उद्या मेहंदीवालीकडे जायचंय!"

पोरगी सासरी जायला इतकी उत्सुक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि हे सगळं चालू असताना समोरच्या घरातले ठवकर रोज सकाळी पाइप लावून गाडी धूत. गाडी झाली की अंगण, अंगण झालं की फाटक, फाटक झालं की अख्खा रस्ता! मी बिल्ला लावून त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"ठवकर, हे काय चाललंय?"

"धूळ बसवून राहिलो ना, साहेब. तुमच्याच घरात जाते थे."

"अहो, हे पिण्याचं पाणी आहे!"

"मंग प्या ना," ठवकरांनी पाइप माझ्यापुढे धरला. "भल्लं ऊन हाये. प्या, प्या."

मी बिल्ला सरळ करून परत फिरलो. तिकडे कन्हान नदीच्या पात्रात वाळू तापलेली, इकडे ठवकर डांबराला आंघोळ घालतात, आणि माझी मुलगी अर्ध्या बादलीत केस धुते. त्या दिवसांत मला मनापासून वाटायचं की या शहराचं काही खरं नाही. माझंही काही खरं नव्हतं, हे मात्र तेव्हा लक्षात येत नव्हतं.

मग कुरडयांसाठी कुहीहून सुमनची थोरली बहीण शकूताई आली. कुरडयांच्या कामात शकूताईचा हात धरणारं कोणी नाही, असं माझ्या सासरी मानतात. दोघींनी पायलीभर गहू भिजत घातला. हा गहू तीन दिवस भिजतो आणि रोज त्याचं पाणी बदलावं लागतं. रोज! पहिल्या दिवशी सुमनने गंज मोरीकडे वाकवला मात्र, मी खाली बादली घेऊन हजर.

"भाऊजी, याचा वास येते ना," शकूताई नाकाला पदर लावून म्हणाली. "हे बी ठेवता काय?"

"लिंबाला घालीन. थेंब वाया जाता कामा नये."

शकूताईने बहिणीकडे पाहिलं. "काहून वं सुमन, यायले निवृत्त होऊन वर्षच झालं ना? एवढ्यात असं?"

शनिवारी संध्याकाळी दोघींनी गहू वाटला आणि पिळून पिळून त्याचा चीक काढला. मी तेव्हा घरात नव्हतो, ले-आउटमध्ये दारोदार नळाच्या जाळ्या वाटत होतो. म्हणून पुढचं शास्त्र मला माहीत नव्हतं. हे शास्त्र असं की चीक लगेच शिजवत नाहीत. तो रात्रभर ठेवतात. सकाळी पांढराशुभ्र चीक खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. ते अलगद ओतून द्यायचं, खालचा घट्ट चीक उकळत्या मिठाच्या पाण्यात शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात कुरडया घालायच्या. सबंध जन्म मी कुरडया खाल्ल्या, पण त्या कुठून येतात हे कधी विचारलं नाही. तळल्यावर त्या फुलतात, एवढंच माझं ज्ञान.

आता एवढा चीक ठेवायला भांडं पाहिजे. घरात रिकामं भांडं एकही नव्हतं, कारण सगळ्या भांड्यांत मी पाणी वाचवलेलं होतं! शेवटी शकूताईने माझा मोठा निळा टब रिकामा केला, राखेने घासला, त्यात चीक ठेवला, वर फडकं बांधलं आणि टब त्याच ओसरीत, त्याच रांगेत सरकवला.

रविवारी सकाळी मॅडम आदर्श घर पाहायला आल्या. सोबत मंदिरातल्या सभेच्या तीनचार बायका होत्या, आणि आमंत्रण नसताना ठवकरही. ("घरचंच हाये, म्हटलं पाहून येवा.") सुमन आणि शकूताई गच्चीवर प्लॅस्टिक अंथरत होत्या. प्राची सोऱ्या आणायला कोणाकडे तरी गेली होती. स्वयंपाकघरात गॅसवर मिठाचं पाणी उकळत ठेवलं होतं.

मी सगळ्यांना पिशवी बांधलेला शॉवर दाखवला. मॅडमनी कौतुक केलं. नळाच्या जाळ्या दाखवल्या. बायकांनी माना डोलावल्या. मग दिवाणखान्यात सगळे बसले आणि मॅडमनी रुमालाने मान पुसली. कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता, कारण आत पाणी संपलं होतं.

"अरे वा," ठवकर म्हणाले, "आदर्श कूलर कोरडाच राह्यते काय साहेब?"

हे मला झोंबलं. मी म्हणालो, "मॅडम, या घरात कूलर नळाचं पाणी पीत नाही. कसं ते दाखवतो." आणि सगळ्यांना घेऊन मागच्या ओसरीत गेलो. फिल्टरची बादली पाहिली, तर रिकामी! (सकाळीच मी ती तुळशीला घातली होती.) भाजीच्या बादलीत कोथिंबिरीच्या काड्या तरंगत होत्या. मग निळ्या टबाचं फडकं उचललं. वर नितळसर पाणी, खाली पांढरं.

"हे तांदूळ धुतलेलं," मी खात्रीने म्हणालो.

"एवढं?" मॅडमनी विचारलं.

"लग्नघर आहे," मी म्हणालो.

"पण तांदळाचं पाणी कूलरमध्ये... फिल्टरचं ठीक आहे, पण..."

"मॅडम, पाणी ते पाणी!" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मॅडमनी फोनवर चित्रीकरण सुरू केल्यावर मी ते परत म्हणालो.

मग मी तांब्याने टबातलं पाणी, ओसरीकडच्या खिडकीत बसवलेल्या कूलरमध्ये मागून ओतू लागलो. एक टप्पा आला, वरचं पाणी संपलं आणि तळाशी जाडसर थर लागला. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी दोन तांबे नळाचं पाणी घालून तो थर हाताने खरवडला, ढवळला, अगदी कडाकोपऱ्यातलं निपटून घेतलं, आणि टब उपडा करून ठोकलासुद्धा. "थेंब न थेंब!" मी कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठवकरांनीही वाजवल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सगळे परत आत येऊन कूलरपुढे बसले. मी पंपाचं बटण दाबलं.

आधी वास आला. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून उपयोग नाही. तो वास मोठ्या पंख्याने, पूर्ण वेगात, थेट पाहुण्यांच्या तोंडावर मारला! पंप घशात काही अडकल्यागत घुरघुरला, मग त्याने जोर लावला आणि जाळ्यांतून पांढरे बारीक शिंतोडे उडू लागले. मॅडमचा चष्मा पांढरा झाला. एका बाईच्या केसांवर थर बसला. सोफा, पडदे, टीव्ही, भिंतीवरचा गणपती, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सगळ्यांवर खळ चढली. माझा सदरा तर अंगावरच कडक झाला.

"साहेब," ठवकर नाक दाबून म्हणाले, "लग्नघर हाये म्हणून विचारतो. तांदूळ कोन्या सालचे होते?"

तेवढ्यात गच्चीवरून शकूताई खाली उतरली. ओसरीत गेली. तिथून तिचा आवाज आला, "सुमन! टब काहून पालथा वं?"

सुमन दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरत आली. दिवाणखान्याच्या दारात थांबली. कूलरकडे पाहिलं, पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, माझ्या कोपरापर्यंत चिकट झालेल्या हाताकडे पाहिलं. स्वयंपाकघरात मिठाचं पाणी खळखळत होतं.

"चीक होता तो," ती म्हणाली. "रुखवताचा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, आत गेली आणि गॅस बंद केला. शकूताई मात्र मटकन जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "भाऊजी, तीन दिवस गहू आमी भिजवला. तुमी एका बटनात उडवला गा!"

मॅडम भल्या होत्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "होतं असं कधी कधी. तुमची तळमळ पोहोचली." ती त्यांच्या साडीपर्यंत पोहोचलेली दिसतच होती. पाटीचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पाहुणे गेले. आता साफसफाई! चीक वाळला की काय होतं, हे मला त्या दुपारी कळलं. कूलरच्या जाळ्यांमधलं गवत फळकुटासारखं झालं. पंप जाम. फरशीवर पाय चिकटायचे. मी आधी वाचवलेल्या पाण्याने सुरुवात केली. भाजीचं पाणी संपलं, डाळीचं संपलं, महिनाभर धरून ठेवलेलं सगळं संपलं, आणि सोफ्याचा एक हात तेवढा पुसून झाला. मग नळ सोडला, तर माझीच जाळी! बादली भरेपर्यंत चीक आणखी वाळायचा. मी पान्याने जाळी काढायला गेलो तर नळाचं तोंडच हातात आलं आणि पाण्याची धार मोरीच्या छताला लागली. मुख्य कॉक सापडेपर्यंत एक टाकी वाहून गेली.

बाहेरून ठवकरांनी हाक मारली. "साहेब, माया पाइप देऊ काय?"

माणूस किती खाली जाऊ शकतो? मी ठवकरांचा पाइप घेतला. फाटकातून आत ओढला. कूलर अंगणात काढून धुतला, जाळ्या धुतल्या, सोफा धुतला, पडदे धुतले, भिंती धुतल्या. पांढरं पाणी अंगणातून रस्त्यावर आलं, म्हणून मग रस्ता धुतला! संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या ले-आउटच्या उन्हाळ्याइतकं पाणी सांडलं असेल. बिल्ला छातीवर तसाच होता, कारण सदरा इतका कडक झाला होता की पिन निघेना. ठवकरांनी त्याच पवित्र्यात माझा फोटो काढून ले-आउटच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "आपले जलदूत कार्यरत."

ते सगळं मी सोसलं असतं. सुमनचं गप्प राहणं सोसवेना. शकूताईच्या घरी पेरणीपूर्वीची कामं खोळंबली होती, ती दुसऱ्या दिवशी कुहीला परत गेली. मी भीत भीत म्हणालो, "विकत आणू का गं? हल्ली घरगुती अशा छान मिळतात..." सुमनने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी वाक्य तिथेच सोडून दिलं.

मग मी ठरवलं की मीच कुरडया करीन. तिने नुसता सोऱ्या फिरवावा, म्हणजे तिच्याच हातच्या म्हणता येतील. गच्चीवरच्या खोलीत गुपचूप गहू भिजत घातला. फक्त प्राचीला सांगितलं.

"बाबा, रोज पाणी बदला बरं का," तिने बजावलं. "नाही तर सडतो."

"माहीत आहे मला!"

पहिल्या दिवशी बदललं. खरंच बदललं, पूर्ण गंजभर, थेट मोरीत! आणि ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत जाताना मी उभ्याने पाहत राहिलो. एवढा तमाशा होऊनही जित्याची खोड काही गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी जुनं पाणी फडक्यातून गाळलं आणि तेच परत घातलं. तिसऱ्या दिवशीही तेच! गाळल्यावर ते बऱ्यापैकी नवीन दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ठवकर फाटकाशी आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. "साहेब, राग मानू नका. तुमच्या गच्चीवर काई मेलं काय?"

मी वर धावलो. पाहतो तर सुमन आधीच गुडघे धरत जिना चढून वर आलेली. ती गंजापुढे उभी होती. गहू काळपट पडला होता, वर बुडबुडे येत होते.

"हे काय करून राहिले तुमी?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. "कुरडया."

"पाणी बदललं नाही ना?"

मी गाळायचं फडकं पायाने बाजूला सरकवलं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "आईले जमलं नाही, थे दुखण्यात होती," ती म्हणाली. "मी तं धडधाकट होती ना. मले बी नाही जमलं." मी तिच्या शेजारी बसलो. (त्या वेळी मला पाण्याविषयी एकही विचार सुचला नाही, हे इथे मुद्दाम सांगतो.) लग्न तोंडावर आलं होतं आणि दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागलं होतं. नव्याने गहू भिजवायला ना वेळ होता, ना तिच्या अंगात दम, ना माझ्या अंगात तोंड दाखवायची हिंमत. तो सगळा गहू मी लिंबाच्या बुडाशी पुरला. नंतर लिंबही वाळलं.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं गेलं ते प्राचीच्या मैत्रिणींच्या हातून. लाडू, करंज्या, विणलेले रुमाल, साखरेची तुळस, सगळं होतं. आणि बरोब्बर मधोमध, झेंडूच्या माळेत, एक रिकामं पितळी ताट! त्यापुढे सुबक अक्षरात पाटी होती, 'आईच्या हातच्या कुरडया'. प्राचीने ते कोणालाही न विचारता मांडलं होतं. मी हादरलो. ताट उचलायला पुढे झालो, तर नवरी झालेल्या मुलीने स्टेजवरूनच डोळे वटारले. ताट तर हलवता येत नव्हतं, म्हणून निदान लोकांचं लक्ष ताटावरून माझ्यावर यावं एवढ्यासाठी मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पांढरा सदरा, फेटा, आणि कानशिलांवरून वाहणारा घाम.

मुलाकडच्या बायका रुखवत पाहायला आल्या. त्यांच्यात एक ठसठशीत म्हाताऱ्या मावशी होत्या. एकेक वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून, त्या पुढे सरकत होत्या. ताटापाशी थांबल्या. पाटी वाचली. सुमन माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती, आणि तिचा चेहरा मला बघवेना. ज्या क्षणाला ती सबंध संसारभर भीत आली होती, तो तिच्या पुढ्यात मी आणून ठेवला होता, आणि या वेळी तर विकतच्याही नव्हत्या.

"काहून वं बाई," मावशी म्हणाल्या, "ताट तं रिकामंच दिसते?"

सगळ्या बायका सुमनकडे पाहू लागल्या. सुमनने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फेट्यापासून बुटापर्यंत. आणि मग, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच, ती हसली. आधी ओठांत, मग पदराआड, मग चांगली मोठ्याने.

"रिकामं कुठी हाये, मावशी?" ती म्हणाली. "पायलीभर गव्हाचा चीक लागला यायले. मांगं उभे हायेत ना, थेच कुरडई!"

स्टेजवर प्राचीला हसू फुटलं. तिच्याकडून गोष्ट आधीच ऐकलेला जावई तोंडावर शेला धरून हसत होता. मावशींनी चष्मा वर सरकवला, पुढे झाल्या आणि मला नीट न्याहाळलं. दंडाला बोटाने दाबूनही पाहिलं.

"वाळले नाहीत वं अजून," त्या म्हणाल्या. "ओलेच हायेत."

मी रुमालाने घाम पुसला, आणि कोणी पाहत नाही असं बघून तो शेजारच्या कुंडीत पिळला.